एकसष्ट किलो गूळ

माझ्या मुलीची मान मी तीन वर्षं घासत होते. आधी बेसन आणि दही, मग लिंबाची फोड, मग बेसनात खायचा सोडा, आणि शेवटी टाचा घासायचा दगड. मानेच्या मागे, वेणीच्या खाली, तिला काळा जाडसर पट्टा आला होता. काखेतही तसाच. ती बाथरूममध्ये पाटावर पाठ करून बसायची आणि मी मागे उकिडवी बसून घासायचे.

"आई, दुखतंय."

"दुखणारच. आधी मळ साठवायचा आणि मग दुखतंय म्हणायचं. शेजारची बघ कशी लख्ख असते."

कधी कधी कातडं सोलवटून बारीक रक्त यायचं. त्यावर मी खोबरेल लावायचे आणि वर म्हणायचे, बघ, आता कसं छान दिसतंय. छान काही दिसायचं नाही. दोन दिवसांत पट्टा होता तसाच.

हे मी सगळ्यात आधी सांगून टाकते आहे. पुढचं वाचताना कुणाला माझी कीव आलीच, तर त्याने ती मान आठवावी.

ती झाली सातव्या महिन्यात, आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर. वजन एक किलो दोनशे. नेरूळच्या एका हॉस्पिटलात तिला त्रेचाळीस दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. नाकात नळी, हाताची बोटं आगकाडीएवढी. नर्सला विचारलं की ती "बघू" म्हणायची. त्या "बघू"चा अर्थ कळण्याइतकी मी शहाणी होते. आठव्या दिवशी मी टाके सांभाळत रिक्षाने शिरवणे गावातल्या देवीच्या देवळात गेले. सुवेर होतं म्हणून आत गेले नाही, पायरीखाली उन्हात उभी राहिले आणि नवस बोलले. म्हटलं, पोरगी जगव. दर वाढदिवसाला तिच्या वजनाएवढा गूळ तुला वाहीन. दरवर्षी मागच्या वर्षीपेक्षा जास्त. एका वर्षी जरी कमी भरला, तरी तुझी तू परत ने.

ते शेवटचं वाक्य मी का बोलले ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक बोलणं पक्कं वाटावं म्हणून. नवरा वाशीच्या मार्केटात गुळाच्या व्यापाऱ्याकडे कारकून, घरात सतत ढेपा, वजनं, कमी भरलं, जास्त भरलं. देवीशीही मी त्याच भाषेत बोलले.

देवीने ऐकलं. पोरगी पेटीतून बाहेर आली.

बारशाला आमच्यात पाळण्यात आधी वरवंटा घालतात आणि मग मूल. आमचा वरवंटा अडीच किलोचा, कराडकडच्या माझ्या सासरहून आणलेला. दोन महिन्यांची झाली तरी पोरगी त्याच्यापेक्षा हलकी होती. नणंद म्हणाली, "वहिनी, चुकून वरवंट्यालाच पाजत बसाल हां." सगळ्या बायका खो खो हसल्या. मीही हसले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. रडता रडता ठरवलं की हिला अशी भरीन, अशी भरीन, की या सगळ्यांची तोंडं बंद होतील.

आणि भरली. नाचणीच्या सत्त्वात तूप, वरणभातावर तूप, दुधात बिस्किटं, बिस्किटांवर लोणी. ती तोंड फिरवायची तेव्हा मी समोर मोबाईल धरायचे. गाणं लागलं की तोंड उघडायचं, तोंड उघडलं की घास आत. पुढे पुढे ती घास मागायला लागली तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! पोट भरलं हे तिचं तिला कळायच्या आत मी आणखी दोन घास घालायचे. शाळेत डब्यात पराठे, सुटली की वडापाव, क्लासला जाताना चॉकलेटचं दूध, आणि सोसायटीतल्या प्रत्येक वाढदिवसाला केकचा दुसरा तुकडा मागून घ्यायचा, तो मी मागायचे.

नवस मात्र मी एक वर्ष चुकवला नाही. नवऱ्याच्या शेठने दोन पारड्यांचा जुना लोखंडी तराजू दिला होता, तो देवळाच्या मंडपात आढ्याला टांगायचा. एका पारड्यात पोरगी, दुसऱ्यात गूळ. पहिल्या वर्षी आठ किलो. चौथ्या वर्षी एकोणीस. आठव्या वर्षी पंचेचाळीस. गूळ मग गावात आणि सोसायटीत वाटायचा. बायका यायच्या, नटूनथटून यायच्या, आणि मी दरवर्षी सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायचे. काचेची पेटी, नळी, वरवंटा, उन्हातली पायरी. मुलगी पारड्यात मांडी घालून बसलेली असायची आणि मी तिच्या शेजारी उभी राहून सांगायचे. शेवटी आवाज खाली आणून म्हणायचे, "एका वर्षी जरी कमी भरला, तरी तुझी तू परत ने." ते वाक्य आलं की बायका छातीला हात लावायच्या. मला ते फार आवडायचं. ते वाक्य नीट ऐकू यावं म्हणून मी आधी सगळ्यांना गप्प करायचे.

दहाव्या वाढदिवसाला एकसष्ट भरलं. दहा-दहा किलोच्या सहा ढेपा ठेवल्या तरी तिचं पारडं खालीच. मंडपातला कुणीतरी ओरडला, "अजून टाका रे, ट्रक बोलवा मार्केटातून!" आणि हशा झाला. पोरीने फ्रॉक गुडघ्यांवर ओढून घेतला. वर एक किलोची भेली ठेवली तेव्हा कुठे पारडी बरोबरीत आली. त्या आठवड्यापासून शाळेत तिचं नाव "ढेप" पडलं. ती घरी येऊन रडली तेव्हा मी म्हटलं, "जळतात ते. हडकुळ्या आयांची हडकुळी पोरं. तू लक्ष देऊ नकोस." आणि तिच्या हातात लाडू दिला.

त्याच वर्षी शाळेत तपासणी झाली. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की मुलीचा रक्तदाब जास्त आहे, दाखवून घ्या. दहा वर्षांच्या पोरीला कसला आलाय बीपी? मी तिलाच झापलं, "पळत पळत गेली असशील." चिठ्ठी विजेच्या बिलांखाली सारली. तीन महिन्यांनी सोसायटीची लिफ्ट बंद पडली. आम्ही चौथ्या मजल्यावर. ती दुसऱ्याच मजल्यावर पायरीवर बसली, ओठ पांढरेफटक, केसांतून घाम निथळतोय. मी वरच्या पायरीवरून तिच्यावर ओरडत होते, "ऊठ. नाटकं नकोत. लोक बघतायत." दार उघडून बघत होते ते आमचे सेक्रेटरी. ते म्हणाले, "वहिनी, आधी पोरीला डॉक्टरकडे न्या, मग ओरडा." मला त्यांचा भयंकर राग आला. म्हणूनच नेलं. डॉक्टरनेच सांगू दे काही नाही म्हणून, मग यांना बघते, अशा तोऱ्यात नेलं.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी वजन घेतलं, चौसष्ट. बीपी तीनदा मोजला. मग वेणी बाजूला करून मान पाहिली आणि विचारलं, "हे कुणी सोललं?"

मी म्हटलं, "मळ जात नाही हो तिचा."

"हा मळ नाही. शरीरात इन्शुलिन फार वाढलं की कातडी अशी काळी आणि जाड होते. हे घासून जात नाही. कितीही घासा."

पोरीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बोलली असती तर मी तिला गप्प तरी केलं असतं.

रिपोर्ट आले. लिव्हरवर चरबी, कोलेस्टेरॉल चढलेलं, बीपी मोठ्या माणसाचा. आणखी एक तपासणी होती, सूज मोजायची. मी विचारलं, "सूज कुठाय? अंग तर घट्ट आहे तिचं." बाई शांतपणे सांगत राहिल्या. चरबी नुसती पडून राहत नाही. ती शरीराला आतून सतत सुजवत ठेवते, बारीक कणकण असावी तशी, दिवसरात्र. त्याने रक्तवाहिन्या आतून खराब होत जातात. आज बाहेरून काही दिसणार नाही. ती पंचविशी-तिशीची होईल तेव्हा हृदय दाखवेल. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला हृदयविकार? मी म्हटलं, नाही. नवरा माझ्याकडे बघतच राहिला. माझे वडील चव्वेचाळीसाव्या वर्षी ऑफिसच्या जिन्यात गेले, हे त्याला सांगावं लागलं.

बाई म्हणाल्या, घाई करू नका. वजन उतरलं नाही तरी चालेल, वाढू देऊ नका, उंची वाढेल तसं ते बसेल. घरातल्या सगळ्यांनीच खाणं बदला, खेळू दे तिला, आणि कृपा करून बोलू नका तिला वजनावरून.

मला घाई होती. मी भरवलं होतं ते मलाच ओरबाडून काढायचं होतं. सकाळी सहाला मी तिला तलावाकाठी चालायला न्यायचे आणि मागून हाका मारत हाकायचे. पाय उचल. म्हैससुद्धा तुझ्यापेक्षा पटापट चालते. घरी एक भाकरी, पाण्यासारखं वरण, काकडी. आम्ही दोघं तिच्यासमोर बसून जेवायचो, नेहमीसारखंच. फ्रिजला आणि कपाटाला मी कुलूप घातलं, किल्ली गळ्यात. दर रविवारी काट्यावर उभं करायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. वाढला असला की त्या दिवशी संध्याकाळचं जेवण बंद. नवरा म्हणाला, "अगं, डॉक्टरने असं नाही सांगितलेलं." मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा. तुमच्याच मार्केटातला गूळ आहे हा."

आणि वजन उतरलं. त्रेसष्ट, बासष्ट, मग एकदम साठ. वाढदिवसाला पंधरा दिवस होते. मी बहिणीला करंजाड्याला फोन लावून ओरडलेच, "साठ! मागच्या वर्षीपेक्षा कमी! आता बघते कोण ट्रक बोलावतंय ते." पोरगी तिथेच टेबलावर अभ्यास करत होती. तिच्यासमोर बोलताना मला नवस आठवलासुद्धा नाही. तो मी दरवर्षी सांगत होते, ऐकत नव्हते.

दोन दिवसांनी तिच्या दप्तराला मुंग्या लागल्या. पेन्सिलींच्या पाऊचमध्ये गूळ सापडला, वहीच्या कागदात बांधलेला. कपाटाला कुलूप होतं, पण तुलेसाठी आणलेल्या ढेपा गॅलरीत पोत्याखाली होत्या, त्यातली एक कोपऱ्यातून कोरलेली. मी तिला दोन थोबाडात दिल्या. "किती हावरट आहेस गं तू! लाज नाही वाटत? मी तुझ्यासाठी मरते आणि तू चोरून खातेस!" तिने मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी परत खाल्ला, गूळही आणि मारही. मी पोतं दोरीने बांधून टाकलं. तिला उपाशी ठेवून मी वाढदिवसापर्यंत आकडा साठावरच टिकवला.

नवरा म्हणाला, यंदा गूळतुला नको. घरीच नमस्कार करू, पोरीला लाजवायला नको. मी ऐकतेय होय? मला यंदाच तर हवी होती. मागच्या वर्षी हसलेल्या प्रत्येकीला मी स्वतः जाऊन बोलावून आले. "या हं नक्की. यंदा कमी भरणारेय." तेही पोरीला बरोबर घेऊन, दारोदार.

वाढदिवसाला तिने स्वतःहून परकर-पोलकं मागितलं, घेरदार. मला बरं वाटलं. सकाळी काट्यावर साठ होती, मी पाहिलं होतं. मंडपात तराजू टांगला. ती हळूच, दोन्ही हातांनी परकर सांभाळत पारड्यात बसली. सहा ढेपा ठेवल्या. मी सगळ्यांकडे बघून हसले. पारडं हललं नाही.

एक भेली ठेवली. हललं नाही. दुसरी. मग अर्ध्या किलोचा खडा. तेव्हा कुठे बरोबरीत आलं.

"अगं, तू तर म्हणालीस कमी झालं!" मागच्या बाजूने एकजण म्हणाली, आणि फिसफिस सुरू झाली.

मला काही दिसेनासं झालं. मी तिचा दंड धरला आणि खसकन पारड्यातून ओढली. ओढल्याबरोबर तिच्या परकरातून काहीतरी निसटलं आणि लोखंडावर असा दणका बसला की तराजू गरागरा फिरला. तिच्या शाळेच्या ओढणीत गुंडाळलेला आमचा वरवंटा होता, कंबरेला बांधलेला.

लोक पोट धरधरून हसले. आणि मी, इतक्या लोकांत, देवीसमोर, अकरा वर्षांच्या मुलीच्या कानाखाली वाजवली. "आईचं नाक कापायला आणलास हा?"

ती रडली नाही. मला जवळ खेचून, इतरांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलायला गेली, पण मंडपात शांतता झाली होती आणि सगळ्यांना ऐकू गेलं.

"साठच होते ना मी. मागच्या वर्षी एकसष्ट होते. कमी भरलं की देवी परत नेते. तूच सांगतेस ना. मी गूळ पण खाऊन बघितला, तू मारलंस. मग काय करू मी?"

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. हे कोणी कोणी ऐकलं, हे आलं. मी आधी बायकांकडे पाहिलं आणि नंतर मुलीकडे. त्यानंतर मला कळलं की त्या पंधरा दिवसांत माझी पोर जगायला म्हणून गूळ खात होती, आणि त्यासाठी मी तिला मारत होते. आणि मी तिला घरोघर नेऊन, या, यंदा कमी भरणार आहे, असं आमंत्रण देत होते.

देवळात झाडलोट करणारी आगरी म्हातारी पुढे आली. तिने वरवंटा उचलून माझ्या हातात दिला. म्हणाली, "बाय, देवी काय काटा घेऊन बसलेली हाय? तिला दुसरा धंदा नाय? ने पोरीला घरी. आनि परत ह्यो तराजू हितं आनू नको." मग पोरीच्या गालावर उठलेल्या बोटांवरून तिने हात फिरवला. मी तिथेच उभी होते आणि तो हात म्हातारीचा होता.

घरी आल्यावर मी पोरीला समोर बसवून सांगितलं की ते खोटं होतं, मी घाबरले होते तेव्हा, काहीच्या बाही बोलले, देवी असं काही करत नाही.

"मग दरवर्षी का सांगायचीस?" तिने विचारलं.

लोकांना आवडायचं म्हणून, हे खरं उत्तर होतं. मी ते दिलं नाही.

आता डॉक्टर बाईंनी माझं आणि तिचं, दोघींचं वेगळं वेगळं ऐकून घेतलंय. कुलपं काढली, आम्ही तिघंही एकच जेवतो, ती खाली मुलींबरोबर बॅडमिंटन खेळते. बीपी थोडा उतरलाय. सुजेची तपासणी अजून वर आहे. बाई म्हणतात, आतमध्ये किती बिघडलंय ते आज सांगता येत नाही, ती मोठी होईपर्यंत लक्ष ठेवायचं. मानेवरचा पट्टा थोडा फिका झालाय. मी त्याला हात लावत नाही. वेणी घालताना माझं बोट चुकून लागलं तरी ती खांदे वर घेते.

वजन महिन्यातून एकदा बघायचं, असं ठरलंय, आणि मी खोलीत थांबायचं नाही. परवा मी दाराच्या फटीतून पाहिलं. ती काट्यावर चढली, वाकून आकडा वाचला. अठ्ठावन्न होता, ते मला नंतर नवऱ्याकडून कळलं. ती खाली उतरली, पलंगावर बसली आणि तिने दोन्ही हात छातीवर ठेवले. बराच वेळ ठेवले. डोळे मिटून ती आतलं ऐकत होती. मग उठली, दप्तर पाठीला लावलं, आणि दारात मी दिसले तेव्हा म्हणाली, "चालू आहे," आणि शाळेत गेली.